नाशिकसाठी जुनी पोलो जीटी: १.२ डीएसजी घ्यावी की १.० टीएसआय?

नाशिकमध्ये सेकंडहँड फोक्सवॅगन पोलो जीटी बघायला निघालं की एकाच नावाच्या दोन वेगळ्या गाड्या समोर येतात. पत्रा तोच, दरवाजा लावल्यावर येणारा तो भरीव आवाजही तोच. बॉनेटखालचं सगळं मात्र निराळं. पहिली गाडी एप्रिल २०१३ ते २०२० च्या सुरुवातीपर्यंतची: ११९७ सीसीचं चार सिलिंडरचं टर्बो पेट्रोल (टीएसआय) इंजिन, १०५ पीएस, १७५ एनएम आणि सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. दुसरी मार्च २०२० नंतरची, बीएस-६: ९९९ सीसीचं टीएसआय, तीन सिलिंडर, ११० पीएस, टॉर्क तेवढाच १७५ एनएम. तिला डीएसजी नाही. जीटीला सहा गिअरचा साधा टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक आहे, आणि तेच इंजिन पोलोच्या हायलाइन प्लस व्हेरिएंटमध्ये सहा गिअरच्या मॅन्युअलसोबत मिळतं. २०२२ मध्ये पोलो बंद झाली, म्हणजे यापुढे जे काही मिळेल ते वापरलेलंच.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. गाडी रोज सिडको, द्वारका, सीबीएस, कॉलेज रोड अशीच फिरणार असेल तर २०२० नंतरची घ्या, आणि डाव्या पायाला त्रास नसेल तर मॅन्युअलच घ्या. १.२ डीएसजी घ्यायची ती दोन अटींवर. गिअरबॉक्सचा इतिहास कागदावर असला पाहिजे, आणि गाडीच्या किमतीपलीकडे दुरुस्तीसाठी वेगळी रक्कम हाताशी असली पाहिजे. यातली एकही अट जमत नसेल तर ती गाडी कितीही चकचकीत दिसली तरी सोडून द्या.

हे वाचून जुन्या गाडीच्या चाहत्यांना वाईट वाटेल, आणि त्यांचं म्हणणं चुकीचंही नाही. चार सिलिंडरचं ते इंजिन खरोखर गोड आहे. १५०० आरपीएमपासून टॉर्क हाताशी असतो. डीएसजी पुढचा गिअर आधीच निवडून ठेवतो, त्यामुळे गिअर बदलताना ओढ तुटत नाही. कसारा घाट चढताना एस (स्पोर्ट) मोडवर टाकलेली १.२ जशी वळणावळणाला ओढत नेते, ते सुख नव्या कन्व्हर्टरमध्ये नाही. तिथे ॲक्सिलरेटर एकदम दाबला की गिअरबॉक्स क्षणभर विचार करतो आणि मग खाली येतो. चालवण्याच्या आनंदावरच निवड करायची असती तर आम्ही जुनीच निवडली असती. पण जुनी गाडी घेणं म्हणजे तिचे पुढचे खर्चही घेणं, आणि ते सगळे खर्च गिअरबॉक्सपाशी येऊन थांबतात.

या डीएसजीचं नाव डीक्यू२००. यात दोन कोरडे क्लच असतात. पहिला क्लच १, ३, ५, ७ हे गिअर चालवतो. दुसरा २, ४, ६ आणि रिव्हर्स. मॅन्युअल गाडीसारखेच हे क्लच घासतात. फरक इतकाच की क्लच कधी आणि किती सोडायचा हे आपला पाय ठरवत नाही, मेकाट्रॉनिक नावाचं युनिट ठरवतं. द्वारकेच्या चौकात संध्याकाळी गाडी वीत-वीत सरकवली की पहिला क्लच अर्धवट पकडीत राहतो आणि तापतो. क्लच कोरडा, म्हणजे थंड करायला तेल नाही. वरून एप्रिल-मेची चाळिशीची उष्णता. असं रोज झालं की क्लचप्लेटचा पृष्ठभाग चकाकतो, पकड एकसारखी राहत नाही आणि गाडी निघताना थरथरते. पहिल्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना हादरा जाणवला तर तोच हा आजार.

दुसरा आणि महागडा आजार मेकाट्रॉनिकचा. हे युनिट स्वतःच्या वेगळ्या तेलावर चालतं. एक छोटा पंप त्या तेलाला दाब देतो आणि तो दाब एका अक्युम्युलेटरमध्ये साठवला जातो. अक्युम्युलेटर जिथे बसतो त्या ॲल्युमिनियमच्या हाऊसिंगला कालांतराने तडा जातो, दाब टिकत नाही आणि पंप सारखा चालू राहतो. मग डिस्प्लेवर पाना उमटतो, गिअरची अक्षरं लुकलुकतात आणि गाडी एक तर ठरावीक गिअरमध्येच चालते किंवा जागची हलतच नाही. स्कॅनर लावल्यावर पी१७बीएफ हा कोड दिसला तर समजा की हाच प्रकार आहे. युनिट नवं बसवायचं म्हटलं तर खर्च लाखाच्या वर जातो. फक्त हाऊसिंग बदलून किंवा मजबूत करून युनिट वाचवणारे कारागीर आता मोठ्या शहरांत आहेत आणि तो मार्ग बराच स्वस्त पडतो. मात्र अशी दुरुस्ती झालेली गाडी घेताना बिल आणि गॅरंटीचा कागद दोन्ही मागा.

म्हणून १.२ बघताना किलोमीटरच्या आकड्याला फार भुलू नका. नाशिक-मुंबई किंवा नाशिक-पुणे हायवेवर नव्वद हजार चाललेली गाडी आम्ही शहरात चाळीस हजार चाललेल्या गाडीच्या आधी बघू. हायवेवर गाडी सातव्या गिअरला तासन् तास चालते, तेव्हा क्लच घासतच नाही. गाडी कुठे चालली आहे हे तीच सांगते: बॉनेटच्या पुढच्या कडेवर आणि विंडशिल्डवर बारीक दगडांचे टिपके असतील आणि ब्रेक पेडलचं रबर मात्र कोरं असेल, तर ती हायवेची. बॉनेट स्वच्छ, ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची उशी दबलेली, पेडलच्या कडा गुळगुळीत आणि मीटरवर फक्त तीस हजार असं दिसलं तर एक तर गाडी ट्रॅफिकमध्ये राबली आहे किंवा मीटर फिरवलेलं आहे. दुसरी शंका सर्व्हिस रेकॉर्डवरून फिटते. कंपनीची सर्व्हिस दर पंधरा हजार किलोमीटरला किंवा वर्षाने असते, तेव्हा प्रत्येक नोंदीतला आकडा चढत गेलेला दिसलाच पाहिजे.

टेस्ट ड्राइव्ह विक्रेत्याच्या दारातून, थंड इंजिनवर सुरू करा. आधीच फिरवून गरम केलेली गाडी दाखवली जात असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी यायचं सांगा. चावी फिरवल्यावर पहिले दोन-तीन सेकंद कान द्या. सुरुवातीच्या १.२ इंजिनांना टायमिंग चेन आहे. साखळी ताणून धरणारा टेन्शनर थकला की थंड स्टार्टला ती खडखडते. टर्बोच्या वेस्टगेटची (टर्बोचा दाब आवरणाऱ्या झडपेची) दांडी सैल झाली तर वेगळा, पत्र्यासारखा किणकिणाट येतो, तो ॲक्सिलरेटर सोडताना जास्त ऐकू येतो. पुढची परीक्षा अपार्टमेंटच्या बेसमेंटच्या उतारावर. गाडी रिव्हर्सला टाकून ॲक्सिलरेटर अगदी हलका ठेवत उतार चढवा. रिव्हर्स दुसऱ्या क्लचवर चालतो, त्यामुळे इथे थरथर आली तर दुसरा क्लच संपत आला आहे. मग तोच उतार डी मध्ये चढवा, म्हणजे पहिल्या क्लचची परीक्षा होते. त्यानंतर शालिमार-मेन रोडच्या गर्दीत वीस मिनिटं न्या, कारण थंड गिअरबॉक्स पुष्कळदा शहाण्यासारखा वागतो आणि तापल्यावर खोड काढतो. शेवटी मुंबई-आग्रा हायवेला पांडवलेणीपासून विल्होळीकडे, मोकळ्या रस्त्यावर, सातही गिअर बघा.

एवढं झाल्यावर स्कॅनर. रस्त्यावरच्या स्वस्त कोड रीडरने भागत नाही. व्हीसीडीएस (फोक्सवॅगन गाड्यांसाठीची स्कॅन प्रणाली) किंवा त्या तोडीचं यंत्र असलेल्या गॅरेजमध्ये न्या. क्लच किती उरला आहे आणि त्याचं तापमान किती वेळा मर्यादेबाहेर गेलं, याची नोंद गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटमध्ये असते. जुने एरर कोड पुसून गाडी दाखवायला आणण्याची पद्धत आहे, म्हणून स्कॅन दोनदा करा: ड्राइव्हच्या आधी एकदा, नंतर एकदा. आधी स्वच्छ आणि नंतर कोड उमटला, तर बोलणी तिथेच थांबवा. विक्रेता स्कॅन करूच देत नसेल तर कारण शोधत बसू नका.

रिमॅप झालेल्या, म्हणजे सॉफ्टवेअर बदलून इंजिनची ताकद वाढवलेल्या गाड्यांबद्दल एक गोष्ट. १.२ ला स्टेज वन (पहिल्या टप्प्याचा रिमॅप) करून टॉर्क वाढवण्याची हौस पुष्कळांनी केली. डीक्यू२०० ची मर्यादा २५० एनएम आहे. कागदावर हिशेब बसतो, पण आधीच तापलेल्या क्लचवर जादा टॉर्क म्हणजे आयुष्य कमी. रिमॅप केलेली १.२ घेऊ नये हे आमचं स्पष्ट मत. परत मूळ ट्यून टाकला आहे असं सांगितलं तरी झालेली झीज भरून येत नाही.

नव्या १.० कडे या. हे इंजिन टायमिंग बेल्टवर चालतं. तीन सिलिंडर असल्याने सिग्नलला उभी असताना हलकी थरथर स्टिअरिंगला येते, ती मूळची आहे. ती सीटपर्यंत आणि आरशापर्यंत पोचत असेल तर इंजिन माउंट बघा. १८०० आरपीएमच्या खाली इंजिन सुस्त असतं, त्यामुळे मॅन्युअलमध्ये गंगापूर रोडच्या स्पीडब्रेकरवरून निघताना तिसऱ्यावर ओढण्याचा आळस करता येत नाही, दुसरा टाकावाच लागतो. ते अंगवळणी पडलं की गाडी हलकी, चपळ वाटते, आणि सहावा गिअर हायवेला इंजिन शांत ठेवतो. ॲव्हरेजमध्येही ती पुढे आहे: मॅन्युअल शहरात साधारण ११ ते १३, हायवेला १७-१८ देते, १.२ डीएसजी शहरात ९ ते ११ आणि हायवेला १४ ते १६. कन्व्हर्टरवाली १.० शहरात डीएसजीपेक्षा वेगळी नाही, ॲव्हरेजसाठी ती घेऊ नका.

कन्व्हर्टर घ्यायचा तो मनाच्या शांतीसाठी. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधे तेल असतं. गर्दीत सरकताना जे काही घसरायचं ते तेलात घसरतं, घासून संपणारी प्लेट तिथे नाही. त्याचं तेल आयुष्यभराचं म्हणून कुणी सांगेल, पण साठ हजारांच्या आसपास ते बदलून घेतलेलं चांगलं. साठ हजारांवरची ऑटोमॅटिक बघत असाल तर तेल बदलल्याचं बिल विचारा. नसेल तर किमतीतून तेवढं कमी करून घ्या. तपासणीत एवढंच बघायचं: पी वरून आर आणि डी ला टाकताना धक्का बसतो का, आणि दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये आरपीएम वर जाऊन गाडी मागे राहते का. मॅन्युअलमध्ये चौथ्यावर ४० च्या वेगाने ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम एकदम उडाले आणि वेग वाढला नाही तर क्लच घसरतोय.

भागांचा प्रश्नही नव्या गाडीच्या बाजूने सुटतो. १.० टीएसआय टायगन आणि व्हर्टसमध्ये आजही आहे, सहा गिअरचा कन्व्हर्टरही त्यांच्यात दिला गेला आहे, त्यामुळे त्यांची कामं करणारे हात आणि सुटे भाग बरीच वर्षं राहतील. सात गिअरचा डीएसजीसुद्धा १.५ च्या गाड्यांमध्ये चालू आहे, तेव्हा त्याची माहिती असलेले फिटर मिळतील. १.२ इंजिन मात्र कुठल्याच नव्या गाडीत उरलेलं नाही.

दोन्ही इंजिनं डायरेक्ट इंजेक्शनची आहेत. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, इनटेक व्हॉल्व्हवरून वाहत नाही, त्यामुळे व्हॉल्व्हवर काजळी साचत जाते. ऐंशी हजारांपुढच्या गाडीत सकाळी सुरू केल्यावर हेलकावे आणि मिसफायर दिसला तर आधी इग्निशन कॉइल आणि प्लग बघायचे, ते ठीक निघाले तर इनटेक मॅनिफोल्ड उतरवून व्हॉल्व्ह साफ करायचे. चढावर चेक इंजिनचा दिवा लुकलुकला तर बहुधा कॉइल गेलेली असते. हा खर्च किरकोळ आहे आणि त्यावर किंमत पाडून घेता येते. सीएनजी किट बसवलेली जीटी मात्र, दोन्हींपैकी कुठलीही, घेऊ नये. या इंजिनासाठी ते किट नाही. पेट्रोल इंजेक्टर सिलिंडरच्या आत असतात. पेट्रोलच्या प्रवाहाने थंड राहणं थांबलं की ते खराब होतात. इथेनॉलचाही विचार करा: दोन्ही पिढ्या ई-२० च्या (२० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलच्या) काळाआधीच्या आहेत. महिनोन् महिने उभी राहिलेली गाडी असेल तर इंधनाच्या नळ्या आणि जोडांभोवती ओल, वास बघून घ्या.

बाकी शरीराच्या तक्रारी दोन्हींच्या सारख्याच. पुढच्या लोअर आर्मचे बुश आणि स्ट्रट माउंट सत्तर-ऐंशी हजारांपर्यंत थकतात. खड्ड्यात ठक आवाज आणि ब्रेक मारल्यावर स्टिअरिंग किंचित ओढणं ही खूण. सिंहस्थाच्या कामांसाठी शहरभर रस्ते उकरलेले असताना तर ते लवकरच जातात. पॉवर विंडोचे रेग्युलेटर दगा देतात, चारही काचा पूर्ण खाली-वर करून बघा. एसी किमान पंधरा मिनिटं चालवा. सुरुवातीला गार आणि नंतर फक्त वारा येत असेल तर कूलिंग कॉइल गळत असण्याची शक्यता असते, आणि त्यासाठी डॅशबोर्ड उतरवावा लागतो, म्हणजे मजुरीच जास्त. कूलंटची टाकी कमी भरलेली असेल तर थर्मोस्टॅटच्या प्लास्टिक हाऊसिंगभोवती गुलाबी-पांढरे सुकलेले डाग शोधा. १९५/५५ आर१६ टायर असलेल्या गाडीला साइडवॉल पातळ पडते. हात आतून फिरवा, फुगा लागला तर ते टायर बदलायचंच आहे आणि रिमही तपासायची आहे.

सुरक्षेसाठी दोन्ही पिढ्या जवळपास सारख्या: ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या २०१४ च्या अपघात चाचणीत दोन एअरबॅगवाल्या पोलोला चार तारे मिळाले होते. जीटीमध्ये ईएसपी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) आहे; इग्निशन चालू केल्यावर घसरत्या गाडीचा दिवा लागतो आणि विझतो, तो बघा. लागतच नसेल तर कुणीतरी तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो.

खोट्या जीटीपासूनही सावध राहायला हवं. मागच्या दाराला जीटीचा बिल्ला चिकटवलेल्या साध्या पोलो बाजारात भरपूर आहेत. जुन्यात ओळख सोपी: आरसीवर ११९७ सीसी म्हणजे टीएसआय, ११९८ म्हणजे साधं तीन सिलिंडर. शिवाय १.२ जीटी टीएसआय मॅन्युअलमध्ये आलीच नाही. मॅन्युअल पेट्रोल जुनी जीटी कुणी दाखवली तर ती जीटी नाही. नव्यात आकडा फसवतो, कारण टर्बो नसलेलं १.० इंजिनही ९९९ सीसीच आहे. तिथे गिअर नॉबवर बघा: पाच गिअर म्हणजे साधी, सहा म्हणजे टीएसआय.

मुंबई-ठाण्याकडून आलेली गाडी असेल तर पुराची शंका धरूनच बघा. पुढचे सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा, तळाच्या भागावर चिखलाची रेघ आहे का पाहा. स्टेपनीचा खड्डा, सीटखालचे बोल्ट आणि कार्पेटखालचा फोम तपासा. नाशिकच्या गाडीतही मालकाचं घर गोदाकाठी असेल तर हे करावं.

कागदांत एमएच-१५ ची गाडी सगळ्यात सोपी. आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ आधी, पैसे नंतर. ट्रान्सफरसाठी फॉर्म २९ आणि ३०. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबरप्लेट लागते, म्हणजे जवळपास सगळ्या १.२ ला, विक्रेत्याने ती बसवून द्यावी असं बोलीतच ठरवा. थकलेले ई-चलन ऑनलाइन बघून घ्या आणि तेही त्याच्याच खात्यावर टाका. नो क्लेम बोनस जुन्या मालकाचाच राहतो, गाडीसोबत येत नाही, त्यामुळे विम्याचा हप्ता त्याच्या पॉलिसीवर दिसतो त्याहून जास्त येईल हे बजेटमध्ये धरा.

आता किंमत. १.२ आणि १.० यांच्या मागणीत फरक दीड-दोन लाखांचा दिसला की पुष्कळ जण जुनीकडे वळतात. तो फरक वाचलेले पैसे नाहीत. तो गिअरबॉक्सचा राखीव निधी आहे, बाजूला काढूनच ठेवायचा. क्लचपॅक (दोन्ही क्लचचा संच) आणि मेकाट्रॉनिक दोन्ही गेल्या दोनेक वर्षांत बदललेली, बिलं असलेली १.२ मिळाली तर उलट तिला चार पैसे जास्त द्यायलाही हरकत नाही. तशी गाडी कमी मिळते, पण मिळाली तर थांबू नका. आणि ती चालवायची कशी तेही सांगतो: गर्दीत पुढच्या गाडीला चिकटून सरकत राहायचं नाही, दोन गाड्यांचं अंतर पडू द्यायचं, मग एकदाच मोकळेपणाने न्यायची. थांबल्यावर ब्रेक ठामपणे दाबायचा, म्हणजे क्लच पूर्ण सुटतो. चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवायची नाही, हिल होल्ड आहे, त्याला काम करू द्यायचं.

घेतल्यावर पहिल्या आठवड्यात दोन्ही गाड्यांचं इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर आणि केबिन फिल्टर बदला, विक्रेत्याने कालच बदललंय म्हटलं तरी. १.२ ला फोक्सवॅगनच्या ५०२ मानकाचं ऑइलच घाला, १.० साठी मॅन्युअलमध्ये छापलेलं मानक बघा आणि डब्यावर ते शब्दशः लिहिलेलं असेल तरच घ्या.